वॉर्ड क्लर्कचं काम: ॲडमिशनच्या केसपेपरपासून रेकॉर्ड रूमपर्यंत

मिरजेतल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या मजल्यावर जा. नर्सिंग स्टेशनच्या कडेला एक कॉम्प्युटर, एक सतत वाजणारा फोन, फायलींची रॅक आणि त्यामागे बसलेला वॉर्ड क्लर्क दिसेल. काही ठिकाणी त्याला वॉर्ड सेक्रेटरी म्हणतात, काही ठिकाणी फ्लोअर कोऑर्डिनेटर. नातेवाईक ‘साहेब’ म्हणतात, ‘ओ दादा’ म्हणतात, बाई असेल तर सरळ ‘सिस्टर’ म्हणून मोकळे होतात. मीही याच खुर्चीत बसते आणि नवीन मुलंमुली लागली की त्यांना तयार करायचं काम माझ्याकडे येतं. त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे.

खाजगी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांत कुठल्याही शाखेची पदवी, मराठी-इंग्रजी टायपिंग आणि एमएस-सीआयटी एवढ्यावर हे काम मिळतं. सरकारी रुग्णालयातली लिपिकाची जागा स्पर्धा परीक्षेतून भरली जाते. ती वाट वेगळी, तिच्यात इथे शिरत नाही.

आपल्या भागाबद्दल मात्र आधी बोलायला हवं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि रेल्वे जंक्शन तर होतंच. त्यामुळे जत, आटपाडी, कवठेमहांकाळपासून थेट कर्नाटकातल्या अथणी, चिकोडी, रायबागपर्यंतचा पेशंट इथे येतो. एकाच वॉर्डात तीन पाटील, दोन कांबळे आणि आडनावच नसलेले एक मल्लप्पा असतात. इथल्या क्लर्कची अर्धी परीक्षा या नावांमध्येच होते. डिस्चार्जच्या दिवशी दिसणारा घोळ बहुतेक वेळा ॲडमिशनच्या दिवशी घातलेला असतो, हे डोक्यात पक्कं ठेवा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच भोवती आहेत.

१. ड्युटीवर आल्यावर

दहा-पंधरा मिनिटं आधी या. सिस्टरांची ओव्हर, म्हणजे एका पाळीने दुसरीला पेशंटांची माहिती देणं, सुरू असेल तर मध्ये तोंड घालू नका. शेजारी उभं राहून ऐका. ऐकताना तीन गोष्टी टिपा: आज ओटीला (ऑपरेशन थिएटरला) कोण जाणार, आज डिस्चार्ज कोणाचा, आणि कालचा कुठला रिपोर्ट अजून आलेला नाही.

मग सेन्सस, म्हणजे पेशंटांची मोजणी. रात्री बाराला वॉर्डात किती पेशंट होते, त्यानंतर किती आले, किती गेले, किती दुसऱ्या वॉर्डात हलवले, हा आकडा कॉम्प्युटरवर एक, सिस्टरांच्या रजिस्टरमध्ये दुसरा आणि प्रत्यक्ष खाटांवर तिसरा असू शकतो. म्हणून खुर्चीत बसण्याआधी एक फेरी मारा आणि खाटा मोजा. कॉम्प्युटरवर बेड भरलेला दिसतो आणि पेशंट काल रात्री आयसीयूत गेलेला असतो, असं होतं. तो फरक सकाळी पकडला नाही, तर दुपारी कॅज्युअल्टीतून (तातडीच्या विभागातून) फोन येतो, ‘तुमच्याकडे एक बेड रिकामा आहे ना, पाठवतोय’, आणि मग धावपळ.

२. ॲडमिशन: नाव, नाव आणि नाव

स्ट्रेचर आल्यावर पेशंट सिस्टर आणि डॉक्टरांचा. तुम्ही नातेवाइकाला बाजूला घ्या, बसवा, पाणी विचारा. दहा मिनिटं त्याच्यासाठी नीट दिलीत तर पुढचे चार दिवस सोपे जातात.

नाव तोंडी ऐकून लिहू नका. आधार कार्ड पाहून लिहा. आधी पेशंटचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, आणि स्पेलिंग कार्डावर आहे तसंच. कार्डावर ‘सुनिता’ असेल तर तुम्ही ‘सुनीता’ करायला जाऊ नका. व्याकरण तुमचं बरोबर असेल, पण क्लेम परत येईल. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत जास्त जपा. आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, आणि बरोबर आलेली सासू तिसरंच हाकेचं नाव सांगते. अशा वेळी दोन्ही कागदांच्या झेरॉक्स घ्या आणि नावात फरक आहे हे त्याच क्षणी नातेवाइकाला सांगा. प्रतिज्ञापत्र करायचं असेल किंवा लग्नाचा दाखला आणायचा असेल, तर त्याच्या हातात तेवढे दिवस राहतात.

सीमेपलीकडच्या पेशंटांच्या आधारवर पुष्कळदा आडनाव नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, नाहीतर नुसतं आद्याक्षर. तिथे आपल्या मनाने गावाचं आडनाव चिकटवू नका. कानडी येत नसलं तरी ‘निम्म हेसरेन री?’ आणि ‘याव ऊर?’ एवढं पाठ करून ठेवा. आजीच्या चेहऱ्यावरचा ताण निम्मा उतरतो आणि नाव तिच्याच तोंडून मिळतं.

गाव लिहिताना तालुका आणि जिल्हा लिहा. ‘जत’ म्हणजे जत शहर की जत तालुक्यातलं चाळीस किलोमीटर लांबचं खेडं, हे फॉलोअपच्या वेळी महत्त्वाचं ठरतं. मोबाईल नंबर दोन घ्या. एक हॉस्पिटलात थांबणाऱ्याचा, एक घरच्याचा. आणि दोन्ही तिथल्या तिथे लावून बघा.

एकाच वॉर्डात सारख्या नावाचे दोन पेशंट आले तर ते सिस्टरांना मोठ्याने सांगा, दोन्ही फायलींवर ‘समान नाव’ची पट्टी लावा आणि शक्य असेल तर खाटा लांब ठेवायला सुचवा. हाक मारताना, रिपोर्ट लावताना, ब्लड बँकेचा फॉर्म पाठवताना नावाबरोबर आयपी नंबर, म्हणजे भरती झाल्यावर पेशंटला मिळणारा नंबर, वाचायचा. नुसतं ‘पाटीलमामांचा रिपोर्ट’ असं आमच्या वॉर्डात कोणी बोललं तर मी तिथेच थांबवते.

आता योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. प्रति कुटुंब वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि २०२३ च्या निर्णयानंतर पांढऱ्या रेशन कार्डालाही दार उघडलं. हॉस्पिटल योजनेत असेल तर आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, टेबल असतोच. तुमचं काम एवढंच, की पेशंट भरती झाला की नातेवाइकाला रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याच दिवशी तिकडे पाठवायचं. ‘बघू उद्या’ म्हणाल तर उद्या दुसरा शनिवार निघतो. प्रत्येक आजार, प्रत्येक ऑपरेशन योजनेत बसत नाही, म्हणून ‘सगळं फुकट होईल’ असं तुमच्या तोंडून कधीही जाऊ देऊ नका. तातडीच्या केसमध्ये फोनवर सूचना देऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून येतात; म्हणजे ‘रेशन कार्ड गावाला राहिलंय’ म्हणून कोणी घाबरलेला असेल तर त्याला आधी आरोग्यमित्रापाशी न्या. कर्नाटकातल्या पेशंटकडे तिकडचं आयुष्मान कार्ड असेल तर तेही तिथेच दाखवायचं. निर्णय त्यांचा, आपला नाही.

अपघात, विषबाधा, भाजणं, मारामारी अशी केस असेल तर ती मेडिको-लीगल केस, म्हणजेच एमएलसी. कॅज्युअल्टीत एमएलसी नंबर पडतो आणि पोलिसांना कळवलं जातं. वॉर्डात फाईल आल्यावर पहिल्या पानावर एमएलसीचा शिक्का आणि नंबर आहे का ते बघा. नसेल तर कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना लगेच विचारा. ऊस तोडताना फुरसं चावलेला माणूस आला तर ‘यात कसली आली पोलीस केस’ असं नातेवाईक म्हणतात. एमएलसी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, त्यांच्याकडेच बोट दाखवा.

३. फाईल लावणं

प्रत्येक हॉस्पिटलचा क्रम वेगळा असतो. तुमच्या रेकॉर्ड विभागाकडून तो छापील घ्या आणि रॅकच्या आतल्या बाजूला चिकटवा. क्रमापेक्षा महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक पानावर, मागच्या बाजूलाही, नाव आणि आयपी नंबर. सुटलेलं पान कोणाचं, हे नंतर कुणीही सांगू शकत नाही.

वेळ चोवीस तासांच्या घड्याळात. खाडाखोड झाली तर एक सरळ रेघ, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनरची बाटली वॉर्डात ठेवूच नका. व्हाइटनर लावलेला कागद कोर्टात गेला की कितीही खरा असला तरी खोटा वाटतो. आणि डॉक्टरांची राहिलेली सही, सिस्टरांची राहिलेली नोंद तुम्ही भरायची नाही. ‘अहो, नुसती वेळ टाका ना’ असं कोणीतरी म्हणेलच. पेन्सिलने फुली करून चिठ्ठी लावा आणि त्या माणसाकडूनच भरून घ्या.

लॅबमधून फोन आला की अमुक पेशंटचं पोटॅशियम फार वाढलंय किंवा हिमोग्लोबिन फार कमी आहे, तर तो निरोप फाईलमध्ये खोचून ठेवायचा नाही. ऐकलेला आकडा लिहा, फोनवर परत वाचून दाखवा, तिथल्या तिथे सिस्टरांच्या हातात द्या, आणि कोणाला कधी दिला ते लिहून ठेवा. चहा नंतर.

४. राऊंड

राऊंडच्या वेळी तुम्ही मागच्या रांगेत, वही उघडी. औषधांच्या ऑर्डरी तुमच्या नाहीत. त्या सिस्टर आणि हाऊसमन (वॉर्डातले ज्युनियर डॉक्टर) घेतात, आणि औषधाचं नाव किंवा डोस तुम्ही उतरवून काढायचा नाही, कितीही गडबड असली तरी. तुम्ही पकडायच्या गोष्टी वेगळ्या: सोनोग्राफी, सीटी, दुसऱ्या डॉक्टरांचा रेफरन्स, फिजिओथेरपी, ‘उद्या सोडू’.

राऊंड संपला की वेळा ठरवायला बसा. इथे थोडं वैद्यकीय शहाणपण लागतं. पोटाची सोनोग्राफी असेल तर बहुधा उपाशीपोटी, म्हणून वेळ सकाळची मागा आणि मधुमेही पेशंट असेल तर ते सांगून पहिला नंबर मागा. कॉन्ट्रास्ट सीटी (औषध टोचून काढायचा सीटी) असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट बरोबर लागतो. तो नसेल तर पेशंट खाली जाऊन, अर्धा तास थांबून परत येतो आणि शिव्या तुम्हाला बसतात. एमआरआयसाठी अंगात पेसमेकर, रॉड, स्टेंट आहे का हे फॉर्मवर सिस्टरांकडून भरून घेतल्याशिवाय फॉर्म खाली पाठवू नका. रक्ताची मागणी असेल तर फॉर्मवर डॉक्टरांची सही, रक्तगट, आणि सँपलच्या बाटलीवर तेच नाव, तोच आयपी नंबर. बाटलीवरचं लेबल पेशंटच्या खाटेपाशी लागलेलं असलं पाहिजे, तुमच्या टेबलावर नाही. ब्लड बँक फॉर्म परत पाठवते म्हणून चिडू नका. त्यांनी तो परत पाठवलाच पाहिजे.

दुपारी तुलनेने शांतता असते. स्टोअरचा इंडेंट (सामानाची मागणी), संपत आलेले फॉर्म, बिघडलेला एसी, गळणारा नळ, लॉन्ड्री हे तेव्हाच उरकून टाका.

५. फोन, नातेवाईक आणि ‘आमच्या साहेबांचा माणूस’

फोनवर आजार सांगायचा नाही. ‘पेशंट वॉर्डात आहेत, जवळच्या नातेवाइकांशी बोला किंवा भेटण्याच्या वेळेत डॉक्टरांना भेटा’ एवढंच. समोरचा सख्खा भाऊ म्हणो की नगरसेवकांचा पीए म्हणो, वाक्य बदलायचं नाही. आवाज मात्र गोड ठेवा. सांगली जिल्ह्यात चौथा माणूस कोणाचा ना कोणाचा पावणा निघतो आणि उद्या तो समोर उभा असतो.

रिपोर्टचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढून पाठवू नका. खाटेवरच्या पाटीवर, फायलीच्या कव्हरवर आजाराचं नाव नको. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात गोपनीयता बंधनकारक आहे; लाल ठिपका, गुपचूप खूण असलंही काही कव्हरवर करायचं नाही. प्रसूती विभागात असाल तर सोनोग्राफीच्या कागदांबद्दल नातेवाइकांशी एक शब्दही नको. कोणी ‘काय हाय ते नुसतं खुणेनं सांगा की’ म्हणालं तर इनचार्ज सिस्टरांना तिथेच बोलवा.

पोलीस जबाब घ्यायला आले तर त्यांना थेट खाटेपाशी नेऊ नका. पेशंट जबाब देण्याच्या स्थितीत आहे की नाही हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं. तोवर त्यांना खुर्ची द्या, चहा सांगा.

६. डिस्चार्ज

‘सकाळी दहाला सोडतो म्हणाले, आता चार वाजले.’ हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल, आणि लोकांचं काही चुकत नाही. यावर उपाय आदल्या संध्याकाळी असतो.

‘उद्या सोडू’ हे कानावर आलं की त्याच दिवशी पाच वाजायच्या आत कामाला लागा. राहिलेले रिपोर्ट मागवा. हाऊसमनला डिस्चार्ज कार्डाचा मसुदा टाकून ठेवायला सांगा, आणि लाजू नका, दोनदा सांगा. न वापरलेली औषधं सिस्टरांकडून मोजून फार्मसीला परत पाठवा. रिटर्न झाल्याशिवाय बिल बंद होत नाही आणि दुपारी फार्मसीच्या खिडकीवर रांग असते. दुसऱ्या डॉक्टरांच्या भेटी, फिजिओथेरपी, ड्रेसिंग सगळं बिलात चढलंय का ते बघा. कॅशलेस पेशंट असेल तर विमा डेस्कला आदल्या रात्रीच कल्पना द्या. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार अंतिम बिल गेल्यावर कंपनीने ३ तासांत उत्तर द्यायचं असतं, पण ते ३ तास तुमचा कागद गेल्यापासून मोजतात. बारा वाजता कागद गेला तर तीन वाजणारच, हे नातेवाइकाला सकाळीच सांगून टाका. खरी वेळ सांगितलेला माणूस फारसा भांडत नाही.

सोडताना कार्ड त्याच्यासमोर वाचा. नाव, वय, कोणत्या बाजूचा हात किंवा पाय, तारखा. उजव्याचं डावं झालेलं कार्ड तुमच्या नजरेतून सुटलं तर क्लेमही अडकतो आणि पुढचा डॉक्टरही गोंधळतो. चूक सापडली तर दुरुस्ती डॉक्टरांकडूनच. एक्स-रे, सीटीच्या फिल्म मोजून द्या आणि सही घ्या. सलाइनची सुई काढली का, हे सिस्टरांना विचारा. हसू नका, सुई तशीच हाताला घेऊन एसटी स्टँडपर्यंत गेलेली माणसं असतात.

फॉलोअपची तारीख वारासकट लिहा आणि डॉक्टरांची ओपीडी त्या दिवशी आहे का ते पाहा. जत किंवा आटपाडीकडच्या माणसाला सकाळी नऊची वेळ देऊ नका. पहिली गाडी पकडून, बदलून तो पोचेपर्यंत नंबर गेलेला असतो. अकरानंतरची द्या. योजनेतल्या पेशंटला परतीच्या प्रवासाचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं आणि डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा योजनेतच येतो. पुष्कळ जणांना हे माहीतच नसतं, म्हणून तुम्ही सांगा आणि आरोग्यमित्राकडे वळवा.

डॉक्टर नको म्हणत असताना घेऊन जाणारे असतात. त्यांचा वेगळा फॉर्म, त्यांना समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवलेला, सही किंवा अंगठा आणि साक्षीदारासह. अंगठा असेल तर कोणाचा, कोणत्या हाताचा, तेही लिहायचं.

७. मृत्यू झाल्यावर

इथे घाई करू नका आणि रेंगाळूही नका. डॉक्टरांनी घोषित केल्यावरच तुमचे कागद सुरू होतात.

मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र म्हणजे नमुना ४. ते डॉक्टर भरतात. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलेलं दिसलं तर नम्रपणे लक्षात आणून द्या, कारण शेवटी हृदय प्रत्येकाचंच थांबतं आणि फॉर्मला त्यामागचा आजार हवा असतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची असते. नमुना २, म्हणजे मृत्यूची माहिती, हॉस्पिटलने निबंधकाकडे २१ दिवसांच्या आत पाठवायची.

नातेवाइकांना एक गोष्ट कागदावर लिहून द्या: नोंद मृत्यू झाला त्या ठिकाणी होते. माणूस आटपाडीचा असला तरी मिरजेत गेला असेल, तर दाखला सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत मिळणार, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. हे न सांगितल्यामुळे लोक ग्रामसेवकाकडे हेलपाटे घालतात. नाव मात्र आधार आणि सातबारा दोन्ही पाहून विचारून घ्या. पुढे वारसनोंदीला, विम्याला, बँकेला हाच दाखला लागतो, आणि ‘बाळू’ की ‘बाळासाहेब’ यावर तलाठ्याकडे गाडं अडतं.

एमएलसी असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय देह ताब्यात मिळत नाही. हे सांगायचं काम डॉक्टरांचं, पण विचारतात तुम्हाला. बिल राहिलंय म्हणून देह अडवून ठेवता येत नाही. असा निरोप तुमच्यामार्फत द्यायला कोणी सांगितलं तर देऊ नका, प्रशासनाला कळवा.

जन्माचं थोडक्यात: आईचं नाव आधारप्रमाणे. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवायची नाही. ते नंतर घालता येतं, १२ महिन्यांच्या आत शुल्काशिवाय.

८. रेकॉर्ड रूमला पाठवताना

फाईल शक्यतो दुसऱ्याच दिवशी गेली पाहिजे. पाठवण्याआधी सह्या, तारखा, संमतीपत्रं, ऑपरेशनच्या नोंदी आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत तपासा. जे राहिलंय त्याची चिठ्ठी वर लावा. फाईल दिल्याची सही वहीत घ्या, कारण फाईल हरवली की पहिला फोन वॉर्डालाच येतो.

आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून निदान ३ वर्षं जपायचे असतात, आणि पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असं २००२ चे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम सांगतात. एमएलसीच्या फायली कोर्टाचा निकाल लागेपर्यंत काढायच्या नाहीत. मागणी आली की अर्जावर तारीख-वेळेचा शिक्का मारून रेकॉर्ड विभागाकडे द्या. मूळ फाईल कोणाच्याही हातात नाही, वकिलाच्याही नाही.

आणि आपल्या गावासाठी एक जास्तीची पायरी. २००५, २०१९, २०२१ चे पूर सांगलीने पाहिलेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. तुमचं हॉस्पिटल पाण्याच्या टापूत असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात तळमजल्यावरच्या रॅकचे खालचे दोन कप्पे रिकामे करून घ्या, एमएलसीच्या फायली वरच्या मजल्यावर हलवा, आणि कुठली पेटी कुठे गेली याची यादी दोन ठिकाणी ठेवा: एक रेकॉर्ड विभागात, एक तुमच्या इनचार्ज सिस्टरांकडे.